कमळाखालची मळी

२४ ऑक्टोबर २०१९ ला कोपरगावची मतमोजणी संपली तेव्हा भाजपच्या स्नेहलता कोल्हे ८२२ मतांनी पडल्या होत्या. राष्ट्रवादीचे आशुतोष काळे निवडून आले. आठशे-बावीस म्हणजे एखाद्या बेताच्या गावाची मतं. इतक्या थोडक्यात पडलेला उमेदवार विरोधकाला दोष देत बसत नाही. आपल्यातल्या कोणी काय केलं, कोण कुठल्या गावात आतून फिरलं, याचा हिशेब तो आधी मांडतो. कोल्ह्यांना तो मांडायला फार वेळ लागला नसणार. रिंगणात दोन अपक्ष होते. एक राजेश परजणे, म्हणजे राधाकृष्ण विखे पाटलांचे मेहुणे. दुसरे विजय वहाडणे, भाजपचे माजी प्रदेशाध्यक्ष सूर्यभान वहाडणे यांचे चिरंजीव. परजण्यांनी घेतलेली मतं ८२२ च्या कितीतरी पट होती.

परजणे विखेंच्या सांगण्यावरून उभे राहिले, असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण नगर जिल्ह्यात सोयरिकीला पुरावा लागत नाही.

त्या एका मतदारसंघात जिल्ह्यातला अख्खा भाजप उभा होता. उमेदवारी मिळालेलं कोल्हे घराणं २०१४ ला राष्ट्रवादीतून आलेलं. शंकरराव कोल्हे काँग्रेसी परंपरेतले मंत्री, संजीवनी कारखान्याचे सर्वेसर्वा. ज्यांच्या मेहुण्याने मतं खाल्ली ते विखे त्याच वर्षी काँग्रेसमधून आलेले. आणि ज्या वहाडण्यांच्या घरात जनसंघापासून पक्ष रुजला, त्यांचा मुलगा पक्षाच्या विरोधात अपक्ष. याच विजय वहाडण्यांनी २०१६ ला कोपरगावचं नगराध्यक्षपद भाजपच्या अधिकृत उमेदवाराला हरवून, अपक्ष म्हणून जिंकलं होतं. घरचे बाहेर आणि पाहुणे माजघरात, अशी ही तऱ्हा.

त्या निवडणुकीत जिल्ह्यात ‘१२-०’ ची भाषा होती. बारापैकी बारा जागा युतीच्या. २०१४ ला भाजपच्या पाच होत्या, २०१९ ला उरल्या तीन. शिर्डीत विखे, श्रीगोंद्यात बबनराव पाचपुते, शेवगाव-पाथर्डीत मोनिका राजळे. राहुरीत शिवाजी कर्डिले पडले, नेवाशात बाळासाहेब मुरकुटे पडले, राष्ट्रवादीतून नुकतेच आलेले वैभव पिचड अकोल्यात पडले. सर्वांत मोठा धक्का कर्जत-जामखेडचा. पाच वर्षं जिल्ह्याचे पालकमंत्री राहिलेले राम शिंदे रोहित पवारांकडून ४३,३४७ मतांनी हरले.

राम शिंदे चौंडीचे. अहिल्यादेवींच्या गावचे, शेतकरी धनगर घरातले, पेशाने शिक्षक. त्यांच्याकडे कारखाना नाही. जिल्ह्याच्या राजकारणात हे वाक्य ‘त्यांच्याकडे जात प्रमाणपत्र नाही’ इतकं गंभीर आहे. हरल्यावर त्यांनी जाहीरपणे सांगितलं की विखे आल्याने पक्षाचा काही फायदा झाला नाही, तोटाच झाला. इतर पराभूतांनीही तोच सूर लावला. तक्रार मुंबईपर्यंत गेली, बैठका झाल्या. त्या बैठकांतून जिल्ह्याला दिसेल अशी कारवाई कोणावरही झाली नाही.

हे समजायला प्रवरेकाठी जायला हवं. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, आशियातला पहिला. त्यानंतर कारखाना, पतपुरवठा, शाळा-कॉलेजं, दवाखाना असं एक राज्यच त्या परिसरात उभं राहिलं. जिल्ह्यात याला ‘यंत्रणा’ म्हणतात. ‘विखेंची यंत्रणा’ म्हटलं की खुलासा करावा लागत नाही. विठ्ठलरावांचे चिरंजीव बाळासाहेब काँग्रेसचे खासदार होते. १९९१ ला तिकीट न मिळाल्यावर ते अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या यशवंतराव गडाखांकडून हरले. मग निवडणूक याचिका झाली. गडाखांची निवड रद्द ठरली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि प्रचारातल्या बदनामीवरचा तो खटला निवडणूक कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसला. पवार आणि विखे घराण्यांतलं वैर याच काळात घट्ट झालं. पुढे बाळासाहेब शिवसेनेत गेले, वाजपेयींच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले आणि २००४ ला पुन्हा काँग्रेसमध्ये परतले. मुलगा राधाकृष्ण १९९५ ला काँग्रेसचा आमदार, मग शिवसेनेचा मंत्री, मग काँग्रेसचा मंत्री, २०१४ पासून काँग्रेसचा विरोधी पक्षनेता. जून २०१९ मध्ये हेच विरोधी पक्षनेते त्याच फडणवीस सरकारात गृहनिर्माण मंत्री झाले. ज्या सरकारवर चार वर्षं सभागृहात तोफा डागल्या, त्याच सरकारच्या बाकावर शेवटचे काही महिने. बाळासाहेबांच्या आत्मचरित्राचं प्रकाशन २०२० मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते झालं. वाजपेयींच्या मंत्रिमंडळातल्या शिवसैनिकाचं, मूळच्या काँग्रेसी माणसाचं आत्मचरित्र भाजपच्या पंतप्रधानांनी प्रकाशित केलं, यात जिल्ह्यात कोणालाही वावगं वाटलं नाही.

वाटावं तरी का? ऊस पिकवणाऱ्या मतदाराला पक्ष पाच वर्षांतून एकदा भेटतो. कारखाना मात्र लागणीपासून भेटतो. उसाची नोंद चिटबॉय घेतो. लागणीची तारीख, गट नंबर, जात, क्षेत्र सगळं त्याच्या वहीत. तोड कोणाला कधी, हे शेतकी खात्याच्या गट ऑफिसात ठरतं. टोळी आठ दिवस उशिरा आली तर उसाला तुरा येतो, वजन घटतं, रान रिकामं व्हायला उशीर होतो आणि पुढचं पीक हुकतं. ‘तुमचा नंबर पुढच्या पाळीला’ एवढं साधं वाक्य एखाद्या कुटुंबाचं वर्ष फिरवू शकतं. वर गावातली सोसायटी, तिचं पीककर्ज, आणि सोसायटीच्या वर जिल्हा बँक. खासगी कारखाने आल्यापासून ही पकड सैल झाली आहे, पण सुटलेली नाही. म्हणून नेता पक्ष बदलतो तेव्हा मतदार त्याला गद्दार म्हणत नाही. मतदाराने मुळात पक्षाला मत दिलेलंच नसतं.

भाजपला हे ठाऊक नव्हतं असं नाही. गावोगाव शाखा काढून, पन्नास-साठ मतांपासून सुरुवात करून वाढायचं तर नगरसारख्या जिल्ह्यात दोन पिढ्या लागल्या असत्या. त्याऐवजी तयार गट उचलायचे ठरले. पाचपुते, कोल्हे, कर्डिले, पिचड, विखे. हिशेब सोपा होता. चूक एकच झाली. गट उचलला की त्याचं वैरही बरोबर येतं, हे कोणी मोजलं नाही. विखे-कोल्हे, विखे-थोरात, विखे-गडाख, काळे-कोल्हे ही भांडणं काँग्रेसच्या छताखाली चाळीस वर्षं चालली होती. आता त्यातली निम्मी कमळाच्या छताखाली आली.

यात भरडला गेला तो शहरातला जुना कार्यकर्ता. दिलीप गांधी याचं ठळक उदाहरण. नगर शहरातले व्यापारी कुटुंबातले, संघ-भाजपच्या वर्तुळातले. १९९९ ला खासदार, पुढे जहाजबांधणी खात्याचे राज्यमंत्री. मंत्री असताना २००४ ला त्यांचं तिकीट कापलं गेलं आणि ना. स. फरांदेंना मिळालं, ते हरले. गांधी २००९ ला परत आले, जिंकले. २०१४ ला जिंकले. मार्च २०१९ मध्ये सुजय विखे भाजपमध्ये आले आणि विद्यमान खासदाराचं तिकीट पुन्हा कापलं गेलं. गांधींच्या मुलाने बंडाची भाषा केली. बंड झालं नाही. सुजय २,८१,४७४ मतांनी निवडून आले. राष्ट्रवादीने नगरची जागा सोडली नाही म्हणून सुजय भाजपमध्ये आले होते, हे कोणीच लपवलं नव्हतं. विचारधारेचं मतपरिवर्तन झालं असा दावाही फारसा कोणी केला नाही, आणि त्याबद्दल तरी त्यांना प्रामाणिक म्हटलं पाहिजे.

त्या लढतीत सुजय यांच्यासमोर राष्ट्रवादीचे संग्राम जगताप होते. जगतापांचे सासरे शिवाजी कर्डिले, राहुरीचे भाजप आमदार. पक्षाचा उमेदवार एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला. कर्डिले पक्षाचंच काम करणार असं सांगत राहिले आणि सगळा जिल्हा त्यांच्या गावांतल्या बूथकडे डोळे लावून बसला. पुढे अजित पवार सत्तेत आले, जगताप त्यांच्याबरोबर आले आणि सासरे-जावई एका युतीत बसले. हा तिढा ना शिस्तीने सुटला, ना निष्ठेने. तो मुंबईत सुटला.

शहराच्या महापालिकेत तर त्याआधीच नमुना घडला होता. डिसेंबर २०१८ ची निवडणूक. ६८ जागांत शिवसेना २४, राष्ट्रवादी १८, भाजप १४. राज्यात भाजप आणि शिवसेना एका सरकारात, तर राष्ट्रवादी हा भाजपच्या भाषणांतला सिंचन घोटाळ्याचा पक्ष. महापौर मात्र झाले तिसऱ्या क्रमांकाच्या भाजपचे बाबासाहेब वाकळे, आणि ते राष्ट्रवादीच्या अठरा नगरसेवकांच्या मतांवर. राष्ट्रवादीने अठराही जणांना पक्षातून काढलं आणि काही महिन्यांनी परत घेतलं. हकालपट्टी म्हणजे माहेरपण झालं. भाजपमध्ये कोणी विचारलंही नाही की ज्यांना व्यासपीठावरून भ्रष्टवादी म्हणायचं त्यांच्या मतांवर आपला महापौर कसा चालतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

२०२३ हे वर्ष तर या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने पाठ करावं असं. मार्चमध्ये जिल्हा बँकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक. जागा रिकामी झाली होती उदय शेळके यांच्या निधनाने. कागदावर संचालकांचं बहुमत महाविकास आघाडीचं, उमेदवार राष्ट्रवादीचे चंद्रशेखर घुले. मतदान झालं वीस जणांचं. मोजल्यावर भाजपच्या कर्डिलेंना १०, घुल्यांना ९ आणि एक मत बाद. जिल्हा बँकेचा संचालक म्हणजे सोसायटीपासून वर चढत आलेला, मतदानाच्या चिठ्ठ्या हाताळत केस पांढरे झालेला माणूस. असा माणूस शिक्का चुकीच्या जागी मारतो यावर ज्याला विश्वास ठेवायचा असेल त्याने ठेवावा. आघाडीवाले गद्दार शोधत राहिले. भाजपने पेढे वाटले.

दोन महिन्यांत बाजी उलटली. कर्जत आणि जामखेड बाजार समित्यांत राम शिंदे विरुद्ध रोहित पवार असा सामना झाला आणि दोन्हीकडे निकाल लागला ९-९. शिंदे तोवर विधान परिषदेवर आमदार झाले होते आणि सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. विरोधकाशी बरोबरी झाली म्हणून त्यांनी रोहित पवारांवर राग काढला नाही. आपल्याच पक्षाच्या महसूलमंत्र्यांवर, म्हणजे विखेंवर काढला. विखे पिता-पुत्रांनी विरोधकांना मदत केली असा त्यांचा उघड आरोप होता. बाजार समितीचे मतदार मोजके असतात. सोसायट्यांचे संचालक, ग्रामपंचायत सदस्य, आडते, हमाल-मापाडी. कोणाचं मत कुठे गेलं हे दुपारच्या चहापर्यंत कळतं. म्हणूनच इथे झालेली दगाबाजी विधानसभेतल्यापेक्षा जास्त झोंबते. तिला नाव आणि गाव असतं.

आणि जूनमध्ये गणेश. राहाता तालुक्यातला गणेश सहकारी साखर कारखाना, विखेंच्या स्वतःच्या मतदारसंघातला, आणि तोवर विखेंच्या प्रवरा कारखान्याच्याच ताब्यात चाललेला. निवडणुकीत विखेंच्या पॅनेलसमोर काँग्रेसचे बाळासाहेब थोरात उभे राहिले, यात नवल नाही. थोरातांच्या शेजारी होते विवेक कोल्हे, भाजपचे. स्नेहलताताईंचे चिरंजीव. प्रचारात एकाच व्यासपीठावर काँग्रेसचा माजी महसूलमंत्री आणि भाजपचा युवा नेता, समोर भाजपचा विद्यमान महसूलमंत्री. निकाल १९ पैकी १८ जागा थोरात-कोल्हे पॅनेलला. कोपरगावच्या ८२२ मतांची परतफेड चार वर्षांनी, राहात्यात, व्याजासकट झाली.

आता खरा प्रश्न. भाजप स्वतःला शिस्तीचा पक्ष म्हणवतो. पक्षविरोधी कारवाया, कारणे दाखवा नोटीस, निलंबन, हा सगळा सरंजाम त्यांच्याकडे आहे आणि गावपातळीवरच्या बंडखोरावर तो वापरला जातो. कोल्ह्यांनी काँग्रेसशी उघड युती करून स्वतःच्या मंत्र्याला त्याच्या अंगणात हरवलं. कोल्हे पक्षातच राहिले. २०२४ च्या जूनमध्ये विवेक कोल्हे नाशिक शिक्षक मतदारसंघात महायुतीच्या उमेदवाराविरुद्ध अपक्ष उभे राहिले, हरले. तरीही पक्षातले मानाचे राहिले. त्याच वर्षी विधानसभेला कोपरगावची जागा अजित पवारांच्या आशुतोष काळेंना गेली, देवेंद्र फडणवीसांच्या मनधरणीनंतर कोल्हे थांबले आणि काळे १,२४,६२४ मतांनी निवडून आले. ८२२ पासून सव्वा लाखापर्यंत. काळे आणि कोल्हे यांचे दोन कारखाने एका बाजूला आले की काय होतं ते या आकड्यात दिसतं. मतदारांनी पाच वर्षांत काळेंची कामं पाहून लाखभर मतं वाढवली असं काळे म्हणू शकतात. कोणी हसणार नाही, पण मानणारही नाही.

तिकडे शिर्डीत डॉ. राजेंद्र पिपाडांची गोष्ट पाहा. २००९ ला शिवसेनेच्या तिकिटावर विखेंशी लढले, हरले. पुढे भाजपमध्ये आले. मग विखेच भाजपमध्ये आले. ज्या माणसाविरुद्ध आयुष्य काढलं त्याच्याच प्रचाराची पत्रकं वाटायची वेळ आली. २०२४ ला पिपाडांनी अपक्ष अर्ज भरला, मनधरणी थेट मुंबईतून झाली, तरी अर्ज राहिला. विखे मोठ्या फरकाने जिंकले. पिपाडांच्या मागे कारखाना नव्हता.

विखेंचीही बाजू आहे आणि ती मांडायला हवी. जिल्ह्यात भाजपला आज जे वजन आहे ते त्यांच्या यंत्रणेशिवाय आलं नसतं. २०२४ च्या विधानसभेला महायुतीने बारापैकी दहा जागा जिंकल्या. १९८५ पासून सलग निवडून येणारे बाळासाहेब थोरात संगमनेरात अमोल खताळांकडून १०,५६० मतांनी हरले, हे काम विखेंच्या ताकदीशिवाय अशक्य होतं. खताळ भाजपचे कार्यकर्ते, पण जागा शिवसेनेच्या वाट्याची म्हणून ऐनवेळी धनुष्यबाण हाती घेतला. नेवाशात विठ्ठल लंघे भाजपचे पदाधिकारी, तेही धनुष्यबाणावर आमदार झाले. एका पक्षाचा माणूस दुसऱ्या पक्षाचा आमदार, तिसऱ्याच्या आशीर्वादाने. जिल्ह्यात याची आता बातमीही होत नाही.

पण त्याच वर्षीच्या लोकसभेत यंत्रणा आपल्याच घरात कमी पडली होती. सुजय विखे निलेश लंकेंकडून २८,९२९ मतांनी हरले. लंके पारनेरचे, मूळचे शिवसैनिक. सेनेने काढल्यावर राष्ट्रवादीत, फुटीनंतर अजित पवारांबरोबर, निवडणुकीच्या तोंडावर शरद पवारांकडे. म्हणजे पक्षांतराची सोय ‘सर्वसामान्य घरातल्या’ नेत्यालाही आहे. प्रचारात सुजय यांनी लंकेंना इंग्रजी बोलून दाखवण्याचं आव्हान दिलं. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात हे आव्हान कोणी सुचवलं असेल ते असो, पण त्याने पारनेर-श्रीगोंद्यात लंकेंचं काम सोपं केलं. निवडून आल्यावर लंकेंनी लोकसभेत शपथ इंग्रजीत घेतली आणि शेवटी ‘राम कृष्ण हरी’ म्हणाले. विरोधकांच्या ईव्हीएमवरील शंकेला भाजप वर्षानुवर्षं रडीचा डाव म्हणत आला आहे. हरल्यावर सुजय यांनी ४० केंद्रांवरच्या मतदान यंत्रांच्या पडताळणीचा अर्ज केला. तो त्यांचा कायदेशीर हक्कच आहे. इतरांचाही आहे.

कर्जत-जामखेडला राम शिंदे २०२४ लाही पडले, या वेळी १,२४३ मतांनी. दोन दिवसांनी, २५ नोव्हेंबरला कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी रोहित पवार आणि अजित पवार समोरासमोर आले. पुतण्या पाया पडला. काका हसत म्हणाले की थोडक्यात वाचलास, माझी सभा झाली असती तर काय झालं असतं? कॅमेरे चालू होते. युतीचा उमेदवार हरला, ती सभा झाली नाही, आणि ज्यांनी ती घ्यायची ते त्याच्या हरण्यावर विरोधकाची पाठ थोपटत होते. शिंदेंनी लगेच जाहीर केलं की आपण कटाचा बळी ठरलो. २०१९ ला विखे, २०२३ ला विखे, २०२४ ला अजित पवार. प्रत्येक वेळी त्यांना पाडणारा समोरचा नव्हता, शेजारचा होता असं त्यांचं म्हणणं. थोडं अतिशयोक्त असेल. रोहित पवारांनी मतदारसंघात काम केलंच नाही असं तर कोणी म्हणणार नाही.

पुढच्या महिन्यात, १९ डिसेंबरला राम शिंदे विधान परिषदेचे सभापती झाले, बिनविरोध. विखे जलसंपदा मंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री झाले. तक्रारदाराला मान मिळाला, ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांना खातं मिळालं, आणि तक्रारीचं काय झालं हे विचारणारा कोणी उरला नाही. पक्षातले वाद पक्ष मिटवतो तो असा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये संग्राम जगतापांनी दिवाळीची खरेदी फक्त हिंदूंच्याच दुकानांतून करा असं आवाहन केलं. पुरोगामित्वाचा वारसा सांगणाऱ्या त्यांच्या पक्षाने नोटिशीची भाषा केली. जगतापांच्या राजकारणाला त्याने खरचटलंही नाही. आणि त्याच महिन्यात कर्डिले गेले. विरोधी बाकापासून सत्तेपर्यंत, सोयरिकीपासून बँकेपर्यंत सगळीकडे हात असलेल्या, ‘आमच्याकडे या, बघू’ म्हणणाऱ्या अखेरच्या काही माणसांपैकी ते एक होते. त्यांच्या अंत्ययात्रेला सगळ्या पक्षांची माणसं होती, आणि तो ढोंगीपणा नव्हता. जिल्ह्यात पक्षांच्या सीमा अशाच असतात, लग्नाच्या मांडवात आणि स्मशानात पुसट, तिकीटवाटपाच्या दिवशी मात्र तुटेस्तोवर ताणलेल्या.

दरम्यान जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसला तो वर्षानुवर्षं. कारण आरक्षणाचा खटला, राज्यभर तेच. पण गावच्या रस्त्यासाठी, शाळेच्या गळक्या खोलीसाठी विचारायला सदस्यच नाही, अशा काळात जिल्ह्याचे पुढारी कारखान्याच्या पॅनेलवर एकमेकांची जिरवत होते. हिवरेबाजार आणि राळेगण ज्या जिल्ह्यात आहेत तिथे पाणी जिरवायचं काम बंद पडलं नाही हे नशीब.

निवडणुका आल्या की दारात येणारा प्रत्येक जण तुम्हाला राष्ट्र, धर्म, विचारधारा आणि पक्षशिस्तीबद्दल बोलेल. ऐकून घ्या, चहा द्या. मग त्याला एवढंच विचारा की २०२३ ला गणेशच्या निवडणुकीत तुम्ही कोणाच्या पॅनेलसाठी फिरलात.